काळी पाच

दर सोमवारी सकाळी साडेसहाला
रखवालदार मला सतराव्या खोलीची किल्ली देतो
आणि विचारतो, यंदा तरी नवा पियानो घेणार का हो?
मी मान हलवतो. हो की नाही, त्याचं त्याने ठरवावं.

कातोवित्से. कोपऱ्यावर ट्राम वळते
तेव्हा खिडकीची काच गुणगुणते, पांढरी चारच्या जरा खाली.
हाल्श्का तोच सूर धरून तास सुरू करते, असं मुलं सांगतात.
मी तिच्या तासाला कधी बसलो नाही.
मी तिला ओळखतो ते हातोड्यांवरच्या लोकरीवरून.

लोकर कुठे कापली गेलीय ते बघितलं
की कळतं, बोटं कुठे राहायला होती.
मुलं मधल्या दोन सप्तकांत गर्दी करतात.
ती खाली जाते.
तिचा बाप खाणीत उतरायचा, आणि चार डिसेंबरला पहाटे
लाल पिसांची टोपी घालून
खाणीच्या बँडात ट्यूबा फुंकत गल्लीगल्लीतून फिरायचा.
ते ढुम्म ढुम्म पांघरुणातून ऐकत ती मोठी झाली.
एवढं तिने सांगितलेलं. बाकीचं मला लोकरीने.

बाप गेला त्या आठवड्यात
खर्जातली काळी पाचची तार तुटली.
झाकणावर चिठ्ठी: तार गेली. चूक माझी. पैसे कापून घ्या.
मी नवी बसवली.
नवी तार शेजारणींपेक्षा फार चकाकते, वर्षभर तरी.
दाबून देऊ का, विचारलं.
म्हणाली, नको, नवीन सुनेला बोलू दे की.

त्याच्या आधी तीन हिवाळे ती फेरीबोटीवर होती,
श्विनोउश्चे ते स्वीडन, रात्रपाळी,
श्रोते म्हणजे झोप न येणारे ट्रक ड्रायव्हर.
पियानोचे पाय साखळीने जमिनीला बांधलेले.
बोट कलली की ठेका किंचित मागे रेलायचा.
अजून रेलतो. समीक्षक त्याला शैली म्हणतात.

मग तिघांचा संच. ढोलवाला गेर्वाझी विमा कंपनीत गेला.
मग रेकॉर्ड: पाचशे छापल्या,
दोनशे बारा माझ्या वर्कशॉपात, कारण तिच्या घराला ओल.
मग नोकरी, मंगळवार ते शुक्रवार,
आणि दर मार्चमध्ये अकादमीचा तक्ता:
मैफलीला पाच गुण, परदेशातल्या मैफलीला दहा.
पेन्सिल चावत तिने मला विचारलं,
भर समुद्रात वाजवलेलं कशात धरायचं?
मी म्हटलं, साडेसात.
तिने खरंच साडेसात लिहिलं.

या वर्षी बोगुमिल नावाचा पोरगा आहे,
हात पाण्यासारखा. कुठेच अडत नाही, हीच अडचण.
महिनाभर तिने त्याचा उजवा हात खिशात ठेवायला लावला.
मी कॉरिडॉरमध्ये पाना पुसत उभा होतो,
आतून डाव्या हाताचं चाचपडणं, ट्राम, पुन्हा चाचपडणं,
आणि तिचं एकच वाक्य,
घाई कुणाला आहे रे, मला तर नाही.

जूनच्या मैफलीला मोठा पियानो दुरुस्तीला गेलेला.
सतराव्या खोलीतला आम्ही चौघांनी ढकलत सभागृहात नेला.
तिसऱ्या बंदिशीत ती काळी पाचवर आली
आणि सूर उतरलेला होता. केसभर.
मला कळलं. तिला कळलं. माझ्या कोटाच्या खिशात पाना.
तिने तो टाळला नाही.
पुन्हा वाजवला. पुन्हा.
मग हळूहळू सगळी बंदिशच
त्या एका सुराकडे झुकून बसली,
ऐकायला कमी येणाऱ्या म्हाताऱ्याशी
सगळं घर वाकून बोलतं तशी.
बोगुमिल पहिल्या रांगेत. दोन्ही हात मांडीवर.

सोमवारी साडेसहाला मी गेलो.
सत्याऐंशी पट्ट्या लावल्या, झाकण मिटलं.
रखवालदाराने विचारलं, झालं?
म्हटलं, झालं.